दादाला दुसऱ्यांदा टीबी झाला, आणि "काम काय करता?" हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वय ४१. कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायच्या कारखान्यात, कामाला आहे. पहिली तीन वर्षं नॉकआऊटला होता, साचा फोडून कास्टिंग वाळूतून मोकळं करायचं काम. नंतरची तेरा वर्षं फेटलिंगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्टिंगला चिकटलेली भाजकी वाळू, रनर-रायझरचे, म्हणजे धातू ओतायच्या वाटांचे, राहिलेले तुकडे, कडेची जादा धार, हे सगळं हँड ग्राइंडरनं घासून काढायचं म्हणजे फेटलिंग. तोंडाला रुमाल. संध्याकाळी घरी आला की भुवयांवर करडी पूड असायची, आणि आई अंगणातच बादली भरून ठेवायची.

चार वर्षांपूर्वी टीबी झाला. सहा महिन्यांचा सरकारी कोर्स एकही गोळी न चुकवता पुरा केला, वजन भरलं, पुन्हा कामावर गेला. गेल्या पावसाळ्यात परत खोकला, संध्याकाळचा बारीक ताप. ५८ किलोचा माणूस ४९ वर आला. बेडक्याची सीबीनॅट तपासणी पॉझिटिव्ह. एवढंच बरं की रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय.

या चार वर्षांत जो कुणी डॉक्टर भेटला त्यानं विचारलं, बिडी ओढता का? तंबाखू? दारू? शुगर? घरात कुणाला होता का? दादा माळकरी आहे हो. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. प्रत्येक वेळी "नाही" म्हणताना तो असा खाली बघायचा, की जणू आपलंच काहीतरी चुकलंय. वहिनीनं त्याचं ताट-तांब्या वेगळं केलं ते त्यानं मुकाट्यानं सोसलं. चुलत घरी बारसं होतं तिथे "तू नको येऊस" असा निरोप आला, तेही सोसलं.

या वेळी एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "काम काय करता?" दादा म्हणाला, कारखान्यात आहे. "कारखान्यात काय?" फेटलिंग. "किती वर्षं?" मग त्यांनी चार वर्षांपूर्वीचा एक्सरे मागवला. वहिनीनं तो गादीखाली सरळ जपून ठेवला होता म्हणून मिळाला. दोन्ही एक्सरे शेजारी लावून त्या म्हणाल्या, "हे वरच्या भागातले दोन्हीकडचे बारीक ठिपके टीबीचे नाहीत. हे धुळीचे आहेत. टीबी त्यांच्यावर येऊन बसलाय."

माझे प्रश्न: धुळीनं टीबी कसा होतो, तो तर जंतूनं होतो ना? बरा झाल्यावर दादानं त्याच कामावर जावं का? आणि त्याच्या लाइनीतले आणखी दोघं महिनाभर खोकतायत, त्यांना मी काय सांगू?

श्वासवाट
ताई, मी छातीरोगतज्ज्ञ आहे. दादांचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या औषधांबद्दल बोलणार नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण ते इथल्या पुष्कळांना उपयोगी पडेल.

फौंड्रीची वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. साध्या वाळूचा कण मोठा असतो, तो नाकाघशात अडकतो. पण तीच वाळू तापून तडकली आणि तिच्यावर ग्राइंडर फिरला, की पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. भुवयांवर बसलेली पूड दिसते, पण जी धूळ फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचते ती दिसत नाही.

त्या फुग्यांत आपल्या भक्षकपेशी पहाऱ्यावर असतात. बाहेरून आलेला जंतू गिळायचा आणि पचवायचा हे त्यांचं काम. टीबीच्या जंतूला रोखणारी पहिली फळी हीच. त्या सिलिकाचा कणही गिळतात, पण तो पचत नाही. उलट त्या पेशीच्या आतल्या पाचकरसाच्या पिशव्या फुटतात आणि पेशी मरते. कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. हे वर्षानुवर्षं चालतं. आजूबाजूला व्रण धरून गाठी होतात, तो सिलिकोसिस. आणि जिथे पहारेकरीच मरतायत तिथे टीबीच्या जंतूला रान मोकळं मिळतं.

म्हणजे तुमचं बरोबर आहे, टीबी जंतूनंच होतो. आपल्या देशात तो जंतू कोट्यवधी लोकांच्या अंगात निजून असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. धूळ त्याला जागं व्हायला वाट करून देते. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबीचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर या विषयातला मोठा अभ्यास झाला. तिथे सिलिकोसिस आणि एचआयव्ही एकाच माणसात आले तेव्हा दोन्ही धोक्यांची बेरीज झाली नाही, गुणाकार झाला.

आता दादांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. सिलिकोसिसवर बसलेल्या टीबीला सहा महिन्यांचा नेहमीचा कोर्स अपुरा पडू शकतो. हाँगकाँगमध्ये अशाच रुग्णांवर सहा महिने विरुद्ध आठ महिने अशी तुलना झाली होती, त्यात मद्रासचं क्षयरोग संशोधन केंद्रही सहभागी होतं. निकाल १९९१ साली छापून आला. तीन वर्षांत सहा महिनेवाल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना टीबी उलटला, आठ महिनेवाल्यांत ७ टक्क्यांना. म्हणून "काम काय करता" हा गप्पांचा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर औषध किती महिने द्यायचं ते ठरू शकतं. हे तुमच्या डॉक्टरबाईंना जरूर विचारा. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांना हे माहीत असणारच.

पंचगंगाकाठ
डॉक्टर, तुमचा प्रतिसाद दादाला मोठ्यानं वाचून दाखवला. "पहारेकरीच मरतायत" इथे त्यानं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. धन्यवाद हा शब्द फार लहान आहे.

ठिणगी_७०१८
ताई, मी वेल्डर. आधी चाकणला, आता आखातात एका यार्डात. टीबी नाही, पण गेल्या दहा वर्षांत दोनदा न्यूमोनियानं आडवा झालो. दुसऱ्या वेळी आठ दिवस ऑक्सिजनवर होतो. तेव्हा वय ३४, अंगात ताकद भरपूर, व्यसन नाही. डॉक्टर म्हणाले एसीमुळे झालं असेल. टाकीच्या आत उकिडवं बसून वेल्डिंग करायचो, पंखासुद्धा नसायचा. याचा काही संबंध असू शकतो का?

यॉर्कशायरवहिनी
ठिणगी, संबंध आहे, आणि तो चांगला अभ्यासलेला आहे. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूची लस कुणाला द्यायची याची जी सरकारी यादी आहे, तिच्यात म्हातारे, प्लीहा काढलेले अशांच्या जोडीला चक्क "वेल्डर" आहेत, म्हणजे ज्यांना धातूचा धूर सारखा लागतो ते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

इंग्लंड-वेल्समधल्या मृत्यूच्या नोंदी तपासताना असं दिसलं की वेल्डर न्यूमोनियानं इतरांपेक्षा जास्त मरतात. १९९४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. त्यातली विशेष गोष्ट म्हणजे हा जास्तीचा धोका नोकरीत असलेल्या वयात दिसतो, निवृत्तीनंतर दिसत नाही. म्हणजे धूर थांबला की धोकाही उतरतो. धातूच्या धुरातलं लोह जंतूला पोसतं असा एक विचार आहे. दुसरं असं की धुरामुळे श्वासनलिकेच्या पेशींवर एक रिसेप्टर (जंतूला धरायची जागा) वाढतो आणि न्यूमोकॉकस नेमका त्यालाच धरून आत शिरतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. २०१९ साली फिनलंडमध्ये तुर्कूच्या जहाजबांधणी यार्डात कामगारांमध्ये न्यूमोकॉकसची साथच आली होती.

तुम्ही लसीबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारा. पण लस घेतली म्हणून टाकीत धूर खात बसायचं नाही. धूर खेचून घेणारा पंखा आणि नळी आधी हवी.

ठिणगी_७०१८
दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज फोरमनशी बोलतो. आमच्या यार्डात मराठी पोरं पंधरा-वीस तरी आहेत, त्यांनाही हे पाठवतोय.

काळापत्थर
भूशास्त्राचा मास्तर म्हणून एक मुद्दा जोडतो. "दगडाची धूळ" सगळी सारखी नसते. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मुक्त सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, अगदी थोडी असते. पोकळ्यांमध्ये गारगोटी-अकीक भरलेली असते ती वेगळी. राजस्थानचा वालुकाश्म, ग्रॅनाइट, खंभातला अकीक, गोध्र्याकडे दळला जाणारा क्वार्ट्झ, यांची गोष्टच निराळी. गोध्र्याच्या त्या गिरण्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडचे आदिवासी काही महिने काम करून घरी परतले आणि तरुणपणीच गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं होतं.

याचा अर्थ आपल्याकडच्या क्रशरची धूळ निर्धोक असा अजिबात काढू नका. पण आपल्या भागात सिलिकाचा मोठा डोस जातो तो फौंड्रीच्या वाळूतून, आणि आता घराघरांतून. स्वयंपाकघराच्या ओट्याला हौसेनं जो कृत्रिम क्वार्ट्झ लावतात त्यात ९० टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे कारागीर बंद खोलीत कोरडा कटर चालवतो आणि आपण त्याला चहा देऊन दार लावून घेतो. पाणी सोडत कापायला सांगा. चिखल होतो, पुसावा लागतो, पण धूळ उडत नाही.

रोखठोक_सातारा
सगळ्यांबद्दल आदर आहे, पण मला हे एकांगी वाटतंय. टीबी हा गरिबीचा आजार. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, पोटात पुरेसं अन्न नाही, त्यामुळे होतो. आमच्या गावात फौंड्री नाही, क्रशर नाही, टीबी मात्र आहे. उद्या सगळ्या फेटलर लोकांना वाटेल की कारखान्यामुळेच झालं, आणि कामं सोडून घरी बसतील. मग खाणार काय?

श्वासवाट
रोखठोक, तुमचा अर्धा मुद्दा पूर्ण मान्य. भारतात टीबीचा सगळ्यात मोठा धोका कुपोषणाचाच आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या माणसांना धान्याचं पाकीट आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो.

पण उरलेला अर्धा बघा. फेटलर हाही त्याच खोलीत राहतो, तेच खातो आणि वर सिलिका ओढतो. त्याच्या बाबतीत धोके एकमेकांवर चढतात. कामाचा वाटा मोजण्याचे प्रयत्न जगभर झालेत. अमेरिकन आणि युरोपियन छातीरोग संघटनांनी मिळून २०१९ मध्ये जे निवेदन काढलं, त्यात कमावत्या वयातल्या न्यूमोनियापैकी साधारण १० टक्के भार कामाच्या जागेमुळे येतो असा अंदाज आहे. स्वीडनमध्ये बांधकाम कामगारांच्या मोठ्या गटातही धातूचा धूर आणि खनिज धूळ लागणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे मृत्यू जास्त आढळले. तिथे तर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत नव्हती.

गरिबी एका डॉक्टरच्या चिठ्ठीनं जात नाही. ग्राइंडरवर धूळ खेचणारं हूड मात्र एका आठवड्यात बसतं. म्हणून मी त्याचा आग्रह धरतो.

रोखठोक_सातारा
स्वीडनचा मुद्दा पटला. पण कामं सोडून लोक खाणार काय, ते मात्र राहिलंच.

साचेवाला
त्याचं उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो, कारण मी पलीकडच्या बाजूचा आहे. माझी छोटी फौंड्री आहे, चाळीस माणसं. आमच्याकडे फेटलिंग उक्तं दिलेलं असतं, नगावर पैसे. मास्क घातला की दम लागतो, हात हळू चालतो, दिवसाला पंधरा-वीस नग कमी होतात. मग माणूस मास्क गळ्यात अडकवतो. मी कितीतरी वर्षं "सांगितलं तरी घालत नाहीत" असं म्हणत आलो. दर मी ठरवला होता, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझा मोल्डिंगचा जुना माणूस टीबीनं गेला. त्याच्या बायकोसमोर बसल्यावर मला बोलता आलं नाही. नंतर फेटलिंगच्या टेबलांना खालून हवा खेचणारी जाळी आणि डस्ट कलेक्टर बसवला. जिथे जमेल तिथे हाताच्या ग्राइंडरआधी बंद खोलीतलं शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांचा मारा) करतो, त्यामुळे वाळू तिथेच गळते. शिफ्ट संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकणं बंद केलं, ते सगळ्यात वाईट होतं. झाडू बंद, ओलं पुसणं किंवा व्हॅक्यूम. रुमालाऐवजी एन-९५, आणि दाढीवर तो नीट बसत नाही हे समजावून सांगितलं. मास्कचा वेळ धरून नगाचा दर थोडा वाढवला. खर्च आला, खोटं बोलत नाही. पण झेपला.

ताई, तुमच्या दादाला बरं झाल्यावर फेटलिंगला पाठवू नका. पॅटर्न स्टोअर, डिस्पॅच, तपासणी, अशी धुळीबाहेरची कामं प्रत्येक फौंड्रीत असतात. मालकाशी बोला. मी तुमच्या जागी असतो तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो असतो.

पंचगंगाकाठ
साचेवाला, तुम्ही हे लिहिलंत त्याला धीर लागतो. खूप आभार.

निवृत्त_कारकून
मी कामगार विमा दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं टेबलावर होतो. पंचगंगाकाठ, दादांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असेल तर आधी हे करा.

टीबी हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नेहमीचा आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. तो संपला की वाढीव आजारपणाचा भत्ता असतो, ८० टक्के दरानं, आणि सगळं धरून दोन वर्षांपर्यंत जातो. त्यासाठी सलग दोन वर्षं नोकरी आणि वर्गणीचे ठरावीक दिवस लागतात. सोळा वर्षं झालेल्या माणसाला अडचण येऊ नये. मात्र ठेकेदार मध्ये बदलला असेल तर प्रत्येकानं कपात भरली का ते बघा. माझ्या टेबलावरून सगळ्यात जास्त माणसं रिकाम्या हातानं गेली ती याच कारणानं. प्रत्येकाचा चेहरा आठवत नाही, पण हातातल्या घडी घातलेल्या पगारपावत्या आठवतात.

दुसरं, "टीबी" आणि "सिलिको-टीबी" यांत कागदावर फार फरक आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती आहे. तिथे सिलिकोसिसबरोबर सिलिको-ट्युबरक्युलोसिस असं स्पष्ट लिहिलंय. अट एवढीच की त्या अपंगत्वाचं किंवा मृत्यूच्या कारणांत सिलिकोसिस हा अत्यावश्यक घटक असला पाहिजे. ईएसआयच्या जुन्या कायद्यातही तशीच यादी होती. म्हणून केसपेपरवर फक्त "टीबी" लिहून घेऊ नका. काय काम, कोणत्या खात्यात, किती वर्षं, आणि एक्सरेत सिलिकोसिसच्या खुणा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन्ही एक्सरे, पगारपावत्या, हजेरी कार्ड एका पिशवीत ठेवा. वहिनींनी तो जुना एक्सरे जपला यात अर्धी केस आहे.

आणि जुन्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवायचा रोग होता, त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. डॉक्टरांनी तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचा असतो.

भातखाचर
थोडं अवांतर, पण "काम काय करता" यावरूनच. मी गोव्यात लॅबमध्ये आहे. आमच्याकडे पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांमध्ये, त्यातही मधुमेह असलेल्यांमध्ये, मेलिऑइडोसिस नावाचा संसर्ग होतो. त्याचा जंतू चिखलमातीत असतो. फुप्फुसात गेला तर एक्सरे हुबेहूब टीबीसारखा दिसतो, आणि टीबीची औषधं त्यावर चालत नाहीत. कोकण, गोवा, कारवार-उडुपीकडच्या मंडळींनी लक्षात ठेवा. बेडक्यात टीबी सापडत नाही, शुगर आहे, चिखलात काम आहे, तर "कल्चर लावा", म्हणजे जंतू वाढवून बघा, असं म्हणा.

अनघा_वॉर्ड५
आमचं कुणी नाव घेत नाही म्हणून लिहिते. मी छातीच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्या बॅचच्या तिघींना नोकरीतच टीबी झाला. एकीला प्लुराचा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा, तिचं लग्न मोडलं. खिडक्या उघड्या ठेवा, खोकणाऱ्या पेशंटला आधी मास्क द्या, बेडका उघड्यावर घ्या, एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो. ताई, तुमच्या वहिनींना सांगा, ताट-तांब्या वेगळा करून काहीही होत नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही. खोलीत हवा खेळती ठेवा आणि दादांना जवळ बसवून जेवू घाला.

श्वासवाट
लाइनीतल्या त्या दोघांबद्दल राहिलं होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थांबू नका, बेडका तपासा आणि एक्सरे काढा. सरकारी केंद्रात दोन्ही फुकट होतात. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या, आणि पूर्वी केलेल्या सगळ्यांची टीबीसाठी ठरवून तपासणी करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिलिकोसिस असून टीबी नसेल तर सुप्त संसर्ग तपासून प्रतिबंधक औषध द्यावं असंही ती सांगते. "पूर्वी केलेल्या" हे मुद्दाम लिहिलं. वेल्डरचा धोका काम सोडल्यावर उतरतो, सिलिकाचा तसा उतरत नाही, कारण कण आतच राहतात. दादांनी पुढेही दरवर्षी एक्सरे काढावा.

पंचगंगाकाठ
पंधरा दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरबाईंनी केसपेपरवर सगळं लिहून दिलं: नॉकआऊट ३ वर्षं, फेटलिंग १३ वर्षं, एक्सरेत सिलिकोसिसच्या खुणा. औषधं किती महिने ते पुढच्या तपासण्या बघून ठरवतील, पण सहावर थांबणार नाही असं म्हणाल्या. ईएसआयची कागदपत्रं जमवतेय. मधल्या दोन वर्षांची कपात सापडत नाही, तेव्हाचा ठेकेदार शोधतोय. निवृत्त कारकूनकाका, तुमच्या शंकेप्रमाणेच झालं. त्या वर्षांचं हजेरी कार्ड मात्र आईच्या डब्यात मिळालं.

त्या दोघांपैकी एकजण तपासणीला गेला. त्यालाही निघाला. दुसरा अजून "खोकलाच आहे" म्हणतोय. त्याच्या घरी रविवारी मी आणि वहिनी जाणार आहोत, जुना-नवा दोन्ही एक्सरे घेऊन.

दादा काल स्वतःहून ओसरीवर सगळ्यांच्यात जेवायला बसला. वहिनीनं त्याचं ताट आमच्याच ताटांत मांडलं होतं.